मालक अनेक, खातं एक

हमालाचा मालक कोण, हा प्रश्न मुंबईच्या दाणाबंदरात आणि मशीद बंदरच्या गाळ्यांमध्ये कित्येक वर्षं सुटला नव्हता. सकाळी एका व्यापाऱ्याच्या ट्रकमधली पोती उतरवायची, दुपारी दुसऱ्याच्या गोदामात थप्पी लावायची, संध्याकाळी तिसऱ्याचा माल चढवायचा. हा माझा नोकर नाही, मी पोत्यामागे पैसे मोजतो, असं यातला प्रत्येक जण म्हणे आणि ते खोटंही नव्हतं. कंबर धरली की हमाल गावी परत, वय झालं की गावी परत. प्रॉव्हिडंट फंड, विमा, भरपगारी रजा ही सगळी व्यवस्था एक मालक, एक फाटक आणि एक हजेरीपट गृहीत धरून उभी राहिलेली होती. रोज दहा दारं फिरणारा माणूस तिच्यात मावतच नव्हता.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६९ साली, 'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम' आला. त्यामागे मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली माथाडींची संघटना होती, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत होती. बंदरातल्या कामगारांसाठी केंद्राने १९४८ साली केलेला डॉक कामगार कायदा नमुन्याला होता. महाराष्ट्राने तो विचार बंदराच्या फाटकाबाहेर, थेट बाजारपेठेत आणला.

आज 'कामाचं भविष्य' म्हटलं की चर्चा सुरू होते ती कृत्रिम बुद्धिमत्तेपासून किंवा घरून काम करण्यापासून. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत. पण मला सगळ्यांत खोलवर गेलेला बदल वाटतो तो वेगळाच. काम आहे, कामाचे पैसे आहेत, काम करून घेणारी बलाढ्य कंपनीही आहे, आणि तरीही कागदोपत्री मालक कुणीच नाही, अशी माणसं आपल्या शहरांत लाखांनी वाढत आहेत. नीती आयोगाने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२०-२१ साली देशातल्या गिग कामगारांची संख्या ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज दिला होता. हे काम करणाऱ्यांपुढचा प्रश्न दाणाबंदरातल्या हमालाचाच आहे, आणि त्याचं एक चांगलं, पन्नासहून अधिक वर्षं वापरात असलेलं उत्तर महाराष्ट्राकडे आहे. त्या उत्तराची आठवण इतर राज्यांना आधी झाली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ते उत्तर कसं चालतं हे पाहायचं, तर नवी मुंबईत वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये पहाटे जावं. नाशिक, जुन्नर, अहिल्यानगरकडून आलेले ट्रक धक्क्याला लागलेले असतात. एक माणूस ट्रकच्या फाळक्यावर उभा राहून गोण पुढच्याच्या खांद्यावर देतो, तो फळीवरून उतरून गाळ्यात जातो, तिथे तिसरा थप्पी लावून घेतो. पन्नास किलोची गोण हलवताना कुणी बोलत नाही, दम बोलण्यात घालवून चालत नाही. बाजूला मुकादम वहीत टिपत असतो: कोणाचा गाळा, किती गोणी, कोणता माल. टोळीतल्या प्रत्येकाच्या महिन्याच्या कमाईची सुरुवात त्या वहीतल्या ओळीपासून होते.

पुढची यंत्रणा साधी आहे. व्यापाऱ्याने या कायद्याखालच्या माथाडी मंडळात नोंदणी करायची, कामगाराचीही तिथेच नोंदणी. महिन्याच्या कामाची मजुरी व्यापारी हमालाच्या हातात न देता मंडळाकडे भरतो आणि त्या मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही भरतो. लेव्हीचा दर मंडळागणिक वेगळा असतो, पण बहुतेक ठिकाणी तो मजुरीच्या तिसेक टक्क्यांच्या पुढेच आहे. दहा-बारा व्यापाऱ्यांकडून आलेले पैसे मंडळात एकत्र होतात आणि कामगाराच्या एकाच खात्यात जमतात. मजुरी बँकेत जाते. लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी निघतं. मंडळावर मालकांचे, कामगारांचे आणि सरकारचे प्रतिनिधी असतात.

यात मालक कोण हे ठरवण्याची गरजच कायद्याने संपवली. वाद 'हा माझा नोकर आहे की नाही' यावर अडकला असता, तर प्रत्येक हमालाला आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या. कायद्याने विचारलं एवढंच, की काम कुणी करून घेतलं आणि त्याचे किती पैसे झाले. त्या पैशांवर टक्केवारी लागली की बाकीचं मंडळ पाहून घेतं.

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत एका निवृत्त माथाडींकडे, तात्यांकडे, बसलो होतो. मूळ गाव पाटण तालुक्यात, आयुष्य मसाला बाजारात गेलेलं. राहतं घर माथाडींसाठीच्या योजनेतलं. ग्रॅच्युइटीच्या पैशांत मुलीचं लग्न झालं आणि गावची पडकी भिंत उभी राहिली. त्यांचा धाकटा मुलगा दोन वेगवेगळ्या ॲपवर डिलिव्हरीचं काम करतो. मी त्याच्याबद्दल विचारलं, तेव्हा तात्या म्हणाले, "पोरगं दिवसभर गाडीवर फिरतंय. कमवतंय बी चांगलं. पर त्याच्या नावावर मागं कुठं काय जमतंय का, ते त्याचं त्यालाच ठाव न्हाई."

मुलगा घरी नव्हता. त्याच्यासारखी मुलं मला पुण्यात भेटली, वाकडला एका डार्क स्टोअरच्या, म्हणजे फक्त ऑनलाइन ऑर्डरींसाठीच्या गोदामाच्या, बाहेर. बाहेरून पाहिलं तर बंद शटर, एक छोटी खिडकी आणि समोर फुटपाथला लागून पंधरा-वीस दुचाक्या. आत पिकर पिशव्या भरतात, खिडकीतून रायडरच्या हातात देतात. बाहेर मुलं गाडीवरच बसून फोनकडे पाहत असतात. लातूर, परभणी, बीड, यवतमाळ. कुणी स्पर्धा परीक्षा सोडलेला, कुणी चाकणच्या कंपनीत कंत्राट संपलेला. एकाने फोन पुढे करून दाखवला: आज किती तास लॉगिन, किती ऑर्डर झाल्या, आणि इन्सेंटिव्हची पट्टी, अजून तीन ऑर्डर मारल्या की पुढचा टप्पा. "तीन राहिल्या की लांबची पडते," शेजारचा म्हणाला. हे खरं की त्याचा समज, ते कुणी सांगू शकत नाही. ऑर्डर कुणाला का जाते, याचं गणित त्याला दिसत नाही, आणि त्याचा खरा राग याच गोष्टीवर होता.

भीती मात्र सगळ्यांची एकच होती, आयडी ब्लॉक होण्याची. ग्राहकाने तक्रार केली, फोटो जुळला नाही, ऑर्डर नाकारण्याचं प्रमाण वाढलं, काहीही होऊ शकतं. "आयडी गेला की टीएलला, टीम लीडरला, फोन लावायचा," एक जण सांगत होता, "टीएल म्हणतो, सर, माझ्या हातात नाही, सपोर्टला टिकट टाका. सपोर्टवर चॅट येतं, तेच तेच वाक्य. गाडीचा हप्ता पाच तारखेला असतो." त्याला कुणाशी तरी बोलायचं होतं, आणि बोलायला माणूसच नव्हता.

इथे मला दोन काळांतला एक फरक महत्त्वाचा वाटतो. माथाडी कायद्यापुढची सगळ्यांत अवघड अडचण होती मोजणीची. किती पोती, कुणाची, कुणी वाहिली, हे वहीत उतरायचं. वही हरवायची, व्यापारी आकडा मान्य करायचा नाही, मंडळाच्या निरीक्षकाला फेऱ्या माराव्या लागायच्या. लेव्ही बुडवण्याच्या बहुतेक वाटा त्याच फटीतून निघाल्या. आजच्या डिलिव्हरीच्या कामात ती फट बुजलेली आहे. ऑर्डर किती वाजता घेतली, किती मीटर गाडी चालली, दारात किती मिनिटं थांबला, त्याला किती रुपये दिले, ग्राहकाकडून किती घेतले, सगळं कंपनीच्या सर्व्हरवर पैशापर्यंत नोंदलेलं आहे. अण्णासाहेबांच्या पिढीने ज्या नोंदीसाठी मोर्चे काढले, ती नोंद आज आपोआप तयार होते. तिच्यातून त्याच क्षणी टक्केवारी वेगळी काढणं तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नाही. ग्राहकाकडून जीएसटी अशीच निघते.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेसारख्या संघटनांनी गिग कामगारांच्या कायद्याची मागणी केली, तेव्हा त्यांनी दाखला महाराष्ट्राच्या माथाडी मंडळांचा दिला होता. जुलै २०२३ मध्ये राजस्थान विधानसभेने देशातला असा पहिला कायदा मंजूर केला. त्यात कल्याण मंडळ आहे, प्रत्येक व्यवहारावर शुल्क आहे आणि प्रत्येक व्यवहार सरकारला दिसेल अशी मध्यवर्ती नोंद-यंत्रणा आहे. नंतर तिथे सत्तापालट झाला आणि कायदा अंमलात यायचं रेंगाळलं, पण विचार पुढे गेला. २०२५ मध्ये कर्नाटकाने कायदा केला: कामगाराला दिल्या जाणाऱ्या रकमेवर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क, काम काढून घ्यायचं तर लेखी कारण आणि १४ दिवसांची पूर्वसूचना, आणि स्वयंचलित निर्णय कसे होतात हे कामगाराला कळेल अशी सोय. त्याच वर्षी बिहार आणि झारखंडच्या विधानसभांनीही आपापली विधेयकं मंजूर केली. ज्या राज्याच्या नमुन्यावर हे उभं राहिलं, ते महाराष्ट्र या पहिल्या यादीत नव्हतं.

केंद्राचा सामाजिक सुरक्षा संहिता हा कायदा २०२० चा, पण त्याच्यासह चारही श्रमसंहिता प्रत्यक्ष लागू झाल्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून. गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द केंद्रीय कायद्यात पहिल्यांदा इथे आले, आणि ही पायरी मी छोटी मानत नाही. ॲग्रीगेटर, म्हणजे ॲप चालवणाऱ्या, कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची. मात्र ही रक्कम कामगारांना दिलेल्या पैशांच्या ५ टक्क्यांवर जाणार नाही, अशी मर्यादा आहे. डिसेंबर २०२५ अखेर आलेल्या मसुदा नियमांत पात्रतेसाठी एका कंपनीकडे वर्षात ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम ही अट होती. अनेक कंपन्यांचे दिवस एकत्र धरण्याची ही कल्पना सरळ माथाडी मंडळाच्या वळणाची आहे.

पण आकडे शेजारी ठेवून पाहा. समजा एखाद्या रायडरला महिन्याला कंपनीकडून २०,००० रुपये मिळतात. संहितेच्या कमाल मर्यादेने त्याच्या नावामागे निधीत जातील फार तर १,००० रुपये, वर्षाचे १२,०००. त्याच कमाईवर माथाडी पद्धतीची ३० टक्के लेव्ही लागली असती, तर महिन्याला ६,००० आणि वर्षाला ७२,००० रुपये झाले असते. तुलना पूर्ण बरोबरीची नाही; लेव्हीत बोनस आणि रजेचे पैसेही असतात. शिवाय माथाडीची पाठ त्याची स्वतःची असली, तरी ट्रक व्यापाऱ्याचा असतो. रायडरची गाडी, पेट्रोल, फोन, डेटा हे सगळं त्याच्या खिशातून जातं. म्हणजे हातात येणाऱ्या वीस हजारांतले किती त्याचे, हा हिशोब अजून खाली उतरतो. आणि निधीत जाणारा पैसा कामगाराच्या वैयक्तिक खात्यात ग्रॅच्युइटीसारखा साठेल, असं संहितेत कुठे म्हटलेलं नाही. तो योजनांसाठी आहे. माथाडीच्या घराची भिंत उभी राहिली ती त्याच्या नावावर साठलेल्या पैशांवर.

कंपन्यांचं म्हणणं असतं की ही मुलं स्वतंत्र आहेत, हवं तेव्हा लॉगिन करतात, बंधन नको म्हणूनच या कामाला येतात. वाकडच्या मुलांनीही मला हेच सांगितलं. त्यांना बारा तासांची शिफ्ट आणि सुपरवायझर नको आहे. हा मुद्दा खरा आहे आणि तो कुणी हलक्यात घेऊ नये. मात्र स्वातंत्र्य हवं असेल तर सुरक्षा सोडावी लागते, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. सुगीला आणि गावच्या जत्रेला आठ-पंधरा दिवस गावी जाऊन येणारा माथाडी आपल्या टोळीत परत येतो. मंडळातली त्याची नोंदणी कायम असते, काम केलेल्या दिवसांची लेव्ही जमा असते. मोकळीक आणि खातं या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला देता येतात, याचा पुरावा वाशीला रोज पहाटे उभा असतो.

माथाडी मंडळं आदर्श आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांचे दोष माहीत असल्याशिवाय त्यांचा नमुना घेणं धोक्याचं आहे. चाकण, तळोजा, रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यांत माथाडीच्या नावाने खंडणी मागणाऱ्या टोळ्यांनी कायद्याची बदनामी केली. माल उतरवण्याची मशीन असतानाही न केलेल्या कामाचे पैसे मागितले गेले, धमक्या दिल्या गेल्या. उद्योजकांची ही तक्रार खरी आहे. सरकारने २०२३ मध्ये दुरुस्ती विधेयक आणलं, तेव्हा जुन्या हमाल संघटनांना वाटलं की खंडणीखोर पकडण्याच्या नावाखाली खऱ्या हमालाचं संरक्षण काढलं जाईल, आणि त्यांनी कडाडून विरोध केला. दुसरा दोष अधिक जुना आहे. टोळीत बाई क्वचितच दिसते. बाजारात निवडणाऱ्या, पाखडणाऱ्या, झाडणाऱ्या बायका मंडळाच्या छत्रीबाहेर राहिल्या.

नव्या कामात ही चूक परवडणार नाही. घरी जाऊन ब्युटी पार्लरची सेवा देणाऱ्या बायका, स्वयंपाक आणि स्वच्छतेच्या ॲपवरच्या बायका डिलिव्हरी बॉयसारख्या सिग्नलवर दिसत नाहीत, म्हणून चर्चेतही येत नाहीत. गुरुग्राममध्ये २०२१ साली अर्बन कंपनीच्या ब्युटीशियन बायका कंपनीच्या कार्यालयासमोर बसल्या, तेव्हा कमिशन आणि दंडाच्या नियमांवर देशात मोठी चर्चा झाली. पुण्यात कचरावेचक बायकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत बांधली आणि २००८ मध्ये त्यातून 'स्वच्छ' ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून उभी राहिली. घरोघरचा कचरा उचलण्याचं काम, ओळखपत्र, गणवेश हे सगळं संस्थेकडून. अनेक घरं, एक कामगार, मध्ये कामगारांचीच संस्था. माथाडीच्या तत्त्वाचा हा दुसरा अवतार मला अधिक लोकशाहीचा वाटतो, कारण मुकादमाची जागा इथे सभासदांनी घेतली आहे.

हा प्रश्न दुचाकीवरच्या मुलांपुरताही उरलेला नाही. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत दर दहांतले चार कामगार कंत्राटी झाले आहेत. कारखाना एकाचा, पगारपत्रक दुसऱ्याचं. आयटीमध्ये जून २०२५ पासून टीसीएसने वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाला बिल लावता येईल असं काम आणि बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना, जास्तीत जास्त ३५ दिवस, असा नियम लावल्याच्या बातम्या आल्या आणि पुढच्याच महिन्यात सुमारे १२,००० जणांना कमी करण्याची घोषणा झाली. हिंजवडीतल्या मुलाला पगारी नोकरी आहे, पण त्याच्याही दिवसांची मोजणी आता काम मिळालं की नाही यावर होते. नव्या संहितांनी ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, ही चांगली गोष्ट आहे, कारण मुदतीच्या नोकऱ्याच वाढणार आहेत. एका नोकरीत आयुष्य जाण्याचा काळ सरला असेल, तर हक्क नोकरीला बांधून ठेवण्यात अर्थ नाही. ते माणसाबरोबर फिरले पाहिजेत.

परदेशांत वेगळ्या वाटा धरल्या गेल्या. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरचे चालक हे स्वतंत्र व्यावसायिक नसून कामगार आहेत, आणि ॲप चालू करून तयार असलेला वेळही कामाचाच, असा निकाल दिला. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार काम काढून घेण्याचा निर्णय नुसत्या यंत्राने घ्यायचा नाही. सदस्य देशांनी डिसेंबर २०२६ पर्यंत तसे कायदे करायचे आहेत. यातली युरोपची तरतूद आपण जशीच्या तशी घ्यावी. न्यायालयाची वाट मात्र लांबची आहे. एकेका कंपनीविरुद्ध वर्षानुवर्षं खटले चालवण्याची ताकद परभणीहून आलेल्या मुलाकडे नाही. आपल्याकडे ३१ डिसेंबर २०२५ ला डिलिव्हरी कामगारांना देशभर ॲप बंद ठेवण्याची हाक दिली गेली. पाठोपाठ, जानेवारीत केंद्रीय श्रममंत्र्यांनी कंपन्यांशी बोलणी केली आणि ब्लिंकिटने जाहिरातीतून दहा मिनिटांत डिलिव्हरीचं वचन काढलं. वेग थोडा कमी झाला तर जीव वाचतील. खात्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

महाराष्ट्राने स्वतःचा कायदा करताना दोन गोष्टींचा आग्रह धरावा, असं मला वाटतं. पहिली, शुल्क वार्षिक उलाढालीवर न लावता प्रत्येक व्यवहारावर, त्याच वेळी, कामगाराच्या नावाने कापलं जावं, आणि त्याची नोंद कामगाराला त्याच फोनवर दिसावी ज्यावर इन्सेंटिव्हची पट्टी दिसते. खंडणीला आणि बोगस नोंदणीला सर्वांत मोठा अडसर हीच उघडी नोंद ठरेल; जिथे प्रत्येक फेरी मोजलेली आहे, तिथे न केलेल्या कामाचे पैसे मागता येत नाहीत. दुसरी गोष्ट, मंडळाचं कार्यालय. माथाडी मंडळात खिडकी असते. मजुरी कमी आली, लेव्ही जमा झाली नाही, टोळीतून नाव काढलं, तर हमाल पावती घेऊन त्या खिडकीपाशी उभा राहू शकतो आणि आतल्या माणसाला उत्तर द्यावं लागतं. आयडी ब्लॉक झालेल्या मुलासाठी अशी खिडकी पुण्यात, ठाण्यात, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात उघडली पाहिजे, चौदा दिवसांच्या आत लेखी उत्तर देण्याचं बंधन घालून, आणि गाडीच्या हप्त्याची तारीख येण्याआधी.